बिनरेघेची गोळी

२ फेब्रुवारी, शुक्रवार
आले एकदाची! खोली छोटी, पण खिडकीत उजेड इतका की सुईत दोरा चष्म्याशिवाय ओवता येतो. सोमवारपासून कपड्यांच्या दुकानात शिवणकाम. घरमालकीण काकू निवृत्त नर्स. रोज सकाळी सगळ्या भाडेकरूंचं बीपी मोजतात आणि जिन्यातल्या तक्त्यावर वरचा आकडा लिहितात. माझा १५०. म्हणाल्या, माझ्या घरात एवढं चालायचं नाही हं! हसले. माझी गोळी दाखवली : गुलाबी, मधे रेघ.

४ फेब्रुवारी, रविवार
लेकीचा फोन. पहिला प्रश्न, गोळी घेतलीस का? लहानपणी परक्या घरी साधं पाणीसुद्धा माझ्याकडे बघून, मी मान हलवल्यावरच प्यायची. आता हीच माझी आई! वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई दिवसभर जिन्यात बसलेल्या असतात. हाक मारली की वळतात. सावकाश, फार सावकाश.

९ फेब्रुवारी, शुक्रवार
गोळ्या संपल्या. इथे सगळ्यांची औषधं काकूंचा भाऊ आणून देतो. कोपऱ्यावर त्याचं औषधांचं दुकान. या वेळी पाकीट नाही, कागदाची पुडी. गोळ्या राखाडी. रेघ नाही, अक्षर नाही. विचारायला गेले तर म्हणाला, कंपनी बदलली हो ताई, औषध तेच. झबलं बदललं म्हणून बाळ बदलतं का? शिवणाऱ्या बाईला हे पटणारच. घेतली.

१३ फेब्रुवारी, मंगळवार
१२०. काकू खूश. दुकानात एका बाईनं ड्रेस घट्ट झाला म्हणून चारचौघांत माझा उद्धार केला. एरवी कानशिलं तापली असती. आज तिच्या ओठांची हालचाल बघत उभी राहिले.

१८ फेब्रुवारी, रविवार
९०. लेक म्हणाली, आई, पाठ केल्यासारखी काय बोलतेस? गोळी बदलल्याचं ऐकून ओरडलीच. डॉक्टरांना विचारलंस का? एकही घेऊ नकोस, शपथ आहे माझी. बरं म्हटलं. फोन ठेवला. घेतली.

२० फेब्रुवारी
७०. सुई बोटात आरपार गेली. दुखलं नाही. रक्ताची वाट पाहिली. मग कापड मळू नये म्हणून बोट बाजूला धरलं. रक्त आलंच नाही.

२२ फेब्रुवारी
५०. एवढ्यावर माणूस उभं राहत नाही, हे मला माहीत आहे. नुसतं माहीत आहे. जिन्यात शिक्षिकाबाईंशेजारी बसले. त्यांचा हात गार. तक्त्यावर त्यांच्या नावापुढे महिनाभर शून्य —
तरी वळल्या माझ्याकडे.

२४ फेब्रुवारी, शनिवार
लेक आली, न कळवता. माझे हात चोळत रडली. म्हणाली, ऊठ, आत्ताच्या आत्ता निघायचं. पोटात तुटायला हवं होतं.
ती माझी बॅग भरतेय. मी लिहितेय. हात तेवढा चालतो.

काकू आल्या. बीपीचा पट्टा घेऊन. लेक नको म्हणाली, पण काकू मायेनं — १४५. म्हणाल्या, पोरी, एवढ्याशा वयात? माझ्या घरात एवढं चालायचं नाही हं.

काकूंनी पेल्यात पाणी ओतलं. लेकीची पाठ होती. राखाडी गोळी पाण्यात — मी पाहिली. विरघळली.

लेकीला घाम आलाय. पेला हातात घेतला तिनं.
माझ्याकडे बघतेय. तशीच, लहानपणीसारखी.
एकच शब्द. लिहिता येतो — नको — तोंडातून —

माझी मान हलतेय. सावकाश, फार सावकाश. कुठल्या बाजूला, ते मला