चौथीचे जादा वर्ष

मी, वय वर्षे अडुसष्ट, निवृत्त मुख्याध्यापिका, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, कोणीही कानाशी न लागता, राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यावर ज्यांचा विश्वास नसेल त्यांनी मला सतराचा पाढा विचारावा, उलटा म्हणून दाखवीन. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मागे ठेवून जावे असे माझ्याकडे काही आहे असे मला वाटलेच नव्हते. आता एक वस्तू आहे. ती योग्य हाती पडली नाही तर मला मेल्यावरही चैन पडणार नाही. तिचा उल्लेख सहाव्या कलमात येईल. घाई असणाऱ्यांनीही आधीची पाच कलमे वाचावीत. धडे गाळून पुढे जाणारे विद्यार्थी मला कधीच आवडले नाहीत.

कलम १. माझे राहते घर, दोन खोल्या आणि मागचा नळ, हे माझ्या एकुलत्या एक मुलीला द्यावे. तिने विकले तरी हरकत नाही. खिडकीखालच्या टेबलाला तिने लहानपणी कर्कटकाने भोके पाडली आहेत. तेव्हा मी तिला फटका दिला होता. आता दुपारी तिथे बसले की त्या भोकांवरून बोट फिरवत राहते.

कलम २. बँकेतली शिल्लकही मुलीला. पासबुक कपाटात आहे. ते पिठाच्या डब्यात आहे, हा शिपाई मावशीचा समज चुकीचा आहे.

कलम ३. शिलाई मशीन मी शिपाई मावशीला देणार होते. ती शाळेत माझ्याबरोबर बारा वर्षे होती. पण ती साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला असे काही घेता येत नाही म्हणतात. म्हणून मशीन तिच्या सुनेला द्यावे. सुनेने सासूला हात लावू द्यावा, एवढीच अट.

कलम ४. शाळा बंद झाली तेव्हा सामान विकायला काढले. त्यातला मोठा लाकडी फळा मी घेतला. तो शेजारच्या क्लासवाल्या सरांना द्यावा. त्यांच्या फलकावर ‘शंभर टक्के निकाल’ असे लिहिलेले असते. चाचणी घेऊन हुशार तेवढीच मुले आत घेतल्यावर निकाल शंभर टक्के लागेल नाही तर काय होईल? अट अशी की, या फळ्यावर दर आठवड्याला एखाद्या मुलाने चुकीचे उत्तर लिहावे आणि सरांनी त्याला ते स्वतःच पुसू द्यावे.

कलम ५. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना काहीही देऊ नये. त्यांचे नाव विसरून राहिलेले नाही, मुद्दाम वगळले आहे. वीसपेक्षा कमी मुलांची शाळा बंद करायची, हा आदेश तेच घेऊन आले. आमची शाळा दोन खोल्यांची, पटावर बरोबर वीस. मी म्हटले, “साहेब, सहा वर्षांची पोरं एवढा मोठा रस्ता ओलांडून, बस पकडून मोठ्या शाळेत कशी जाणार?” ते म्हणाले, “बाई, मला आकडा सांगा. बाकीचं अर्जात लिहा.” मी तेरा अर्ज लिहिले. मोठ्या शाळेत मैदान होते, प्रयोगशाळा होती, हे मला मान्य आहे. पण तिथे कुणाला कोणत्या गोष्टीची भीती वाटते, हे ठाऊक असायला कुणाकडे वेळ नव्हता.

कलम ६. त्या वर्षी चौथीतून चार मुले बाहेर पडणार होती आणि पहिलीत तीनच येणार होती. म्हणजे पट एकोणीस. मी तीनदा मोजले. चौथीतले एक मूल मागे राहिले असते तर शाळा वाचत होती. तिघांच्या आईबापांनी शाळा डोक्यावर घेतली असती. चौथ्या मुलीची आई मात्र गप्प बसेल, याची मला खात्री होती, कारण ती आई मीच होते.

माझ्या मुलीला गणितात शंभरपैकी चौऱ्याण्णव गुण होते. निकालपत्रकावर मी एकोणतीस लिहिले. वर्गशिक्षिका म्हणून सही माझी, मुख्याध्यापिका म्हणून सही माझी, आणि पालक म्हणून खालची सहीही माझीच. मावशी दारात उभी होती. म्हणाली, “शाळा वाचेल हो बाई, पण पोरीचं काय?” मी म्हटले, “एका वर्षाचा तर प्रश्न आहे.”

मुलगी निकाल घेऊन स्वयंपाकघरात आली. “आई, मी सगळी गणितं बरोबर सोडवली होती.”

“सोडवली असतीस तर पास झाली असतीस,” मी म्हटले.

हे वाक्य परत घेता येत असेल तर वरच्या पाचही कलमांतले सगळे मी आजच देऊन टाकीन.

पुढच्या वर्षी दोन घरे कामासाठी दुसऱ्या गावी गेली, पट सतरावर आला आणि शाळा बंद झाली ती झालीच. मुलीचे वर्ष फुकट गेले. शाळेत बाई आणि घरी आई, असा आमचा नियम होता. त्या निकालापासून ती घरीही बाईच म्हणू लागली. मला वाटले रुसली आहे, चार दिवसांत विसरेल. एकतीस वर्षे झाली. दर रविवारी तिचा फोन येतो. “बाई, गोळ्या घेताय ना?” काळजी खरी असते, म्हणून तर जास्त लागते. मला तिच्या तोंडून आई ऐकायचे आहे. फार ऐकायचे आहे. हे स्थावरात बसत नाही आणि जंगमातही नाही, तरी लिहून ठेवते.

गेल्या रविवारी ती म्हणाली, “बाई, हिलाही गणित जमत नाही. माझ्यावर गेलीय. शाळा म्हणते क्लास लावा. लावून काय उपयोग? आमच्या रक्तातच नाही ते.” ही म्हणजे माझी नात. त्या फोननंतर मी हे लिहायला बसले.

मुलीची ती उत्तरपत्रिका मी जपून ठेवली आहे. माझ्या मृत्यूनंतर ती तिला द्यावी आणि सांगावे की, तू नापास झाली नव्हतीस, तुला मी नापास केले.

वरील मजकूर आज सकाळी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. दुसरा साक्षीदार कोपऱ्यावरचा औषधवाला, माझ्या मुलीच्याच वर्गातला. अंगाने काडी, म्हणून सगळे त्याला पेन्सिल म्हणत. ऐकून त्याने सहीसाठी उघडलेले पेन बंद केले. मग म्हणाला, “बाई, मी तिच्या वहीत बघून बघून पास झालो. मोठ्या शाळेच्या बसमध्ये ती दिसेना, तेव्हा मला वाटलं, निकालात आमची अदलाबदल झाली. मी भीतीनं बोललो नाही कुणाला.” मग त्याने विचारले, “नात कितवीत आहे?”

“चौथीत,” मी म्हटले.

मावशी उसळलीच. “म्हणजे तुम्ही मरेपर्यंत त्या लेकरानं ढ राहायचं? आणि तुम्ही तर चांगल्या ठणठणीत आहात, बाई!”

चौतीस वर्षे शिकवून ही साधी वजाबाकी माझ्या ध्यानात आली नव्हती.

सबब कलम ६ रद्द करण्यात येत आहे. खाडाखोडीवर तिघांच्या सह्या आहेत. उत्तरपत्रिका मी स्वतः घेऊन दीडच्या बसने मुलीकडे जात आहे. येत असल्याचे कळवलेले नाही. कळवले असते तर फोनवरच काहीतरी बोलून मी सुटका करून घेतली असती. पेपर आधी तिच्या हातात देईन आणि मग नातीसमोर सगळे सांगेन. ती रागावेल. एकतीस वर्षांपूर्वीच रागवायला हवे होते तिने. तिने दार लावून घेतले तर मी पायरीवर बसून राहीन. दार कधीतरी उघडावेच लागते, सकाळी नातीला शाळेत सोडायचे असते.

कलम १ ते ५ माझ्या मृत्यूनंतर अमलात आणावीत. त्यांची घाई नाही.

लिहून देणार: (सही) मुलीची आई

साक्षीदार:
१. (सही) शिपाई मावशी
२. (सही) औषधवाला, ऊर्फ पेन्सिल

ठिकाण: बसथांब्यावरचा बाक
दिनांक: सोमवार, नातीच्या गणिताच्या पेपरला नऊ दिवस असताना