जावईबापूंचे सुजलेले पाय

५ मार्च, बुधवार

आज ठरवलं. हे नऊ महिने मी चारचौघींसारखे काढणार नाही. ऑफिस, ड्रायव्हिंग, जिम, सगळं चालू. गरोदर असणं म्हणजे आजारी असणं नव्हे. गेल्या वर्षी धाकटी बहीण सावनी बाळंतपणासाठी पुण्यात आईकडे महिनोन् महिने पलंगावर लोळत होती आणि आई तिला पेरू कापून हातात देत होती. तेव्हाच मी आईला फोनवर सुनावलं होतं, माझ्या वेळी तुला बोटसुद्धा हलवावं लागणार नाही.

सकाळी दोनदा उलटी. जबाबदार : यशोधनचा नवा शाम्पू. नवऱ्याने घरभर चंदनाचा वास सोडत फिरायचं कारणच काय? बाटली फेकली.

११ मार्च

रमजान. दिवसा कोणासमोर खाता येत नाही आणि खाल्लं नाही की पोटात ढवळतं. मस्कतच्या कुरुम भागातल्या आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये, काचेला सनशेड लावून, गाडीत चोरासारखा खाखरा खाल्ला. मॅनेजर जाफरने पाहिलं बहुतेक. दुपारी छोट्या मीटिंग रूमची चावी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, आतून लावून घ्या आणि आरामात खा. कोणी विचारलं होतं? मी ऑडिटर आहे. अख्ख्या कंपनीच्या चुका मी पकडते. माझ्यावर कोणी दया दाखवायची नाही.

चावी ठेवून घेतली. परत करणं उद्धटपणाचं दिसलं असतं.

२ एप्रिल

खालच्या मजल्यावरच्या शहनाजभाभी ईदचा शीरखुर्मा घेऊन आल्या. मूळच्या रत्नागिरीच्या, नवऱ्याचा इथे जवळच सीबला मासळीचा व्यापार, पदरात चार मुलं. आल्या त्या माझं तोंड बघत बसल्या. मग म्हणे, बाय, उठायच्या आधी पलंगावरच सुका टोस्ट खा, मग पाय खाली टाक. मी म्हटलं, माझी मळमळ पित्ताची आहे. त्या हसल्या. हसण्यासारखं काय होतं त्यात?

४ एप्रिल

टोस्ट खाल्ला. उलटी नाही. शाम्पू फेकल्याचा परिणाम जरा उशिरा दिसला, एवढंच.

२० मे

आईचा फोन. पहिलं बाळंतपण आहे, एक तर तू ये नाहीतर मी येते. मी ठणकावून सांगितलं, काही गरज नाही, मला काहीही होत नाही. आई म्हणाली, बरं, तू बोलावशील तेव्हाच येईन, आपणहून येणार नाही. काय हा इगो! पण जिंकले मी.

फोन ठेवल्यावर डोळ्यांतून घळाघळा पाणी. यशोधन किचनमध्ये कांदा चिरत होता. अल खौदचे हे फ्लॅट म्हणजे काड्यापेट्या, किचनचा कांदा बेडरूममध्ये झोंबतो.

यशोधनचं म्हणणं, तो कलिंगड कापत होता. वाद घालायची सवयच आहे त्याला.

१५ जून

छातीत जळजळ. जबाबदार : कँटीनचा कुक. लेखी तक्रार केली. तर तो जाफरला म्हणाला, मॅडम महिनाभरापासून घरून डबा आणतात. उलट उत्तरं!

१९ जून

हद्द झाली. जाफरने माझं टेबल खिडकीपासून उचलून लेडीज वॉशरूमशेजारी ठेवलं. सात वर्षांच्या नोकरीचं हे फळ. जाब विचारला तर खाली बघत म्हणाला, सिस्टर, तिकडून फार लांब पडतं तुम्हाला. अरे, तुम्ही एसी अठरावर ठेवता म्हणून मला जावं लागतं! एचआरला कडक मेल लिहायला घेतला. लिहिता लिहिता तीनदा उठावं लागलं. टेबल जवळ असल्याने वेळ वाचला.

मेल ड्राफ्टमध्ये आहे.

८ जुलै

सँडल पायात जाईना. ओमानच्या उन्हात चामडं आकसतं, हे दुकानदार आधी सांगत नाहीत. भांडायला गेले. सेल्समन म्हणतो, मॅडम, हे मॉडेल बंद होऊन दोन वर्षं झाली. चोर लेकाचे.

संध्याकाळी डॉक्टरबाई. बीपी बघितलं, लघवी तपासली, सगळं नॉर्मल. ही सूज साधी आहे, म्हणाल्या, पण अचानक वाढली, डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच या. आणि बसताना पाय उंचावर ठेवा. मग ऑडिट मीटिंगमध्ये काय पाय टेबलावर ठेवू?

९ जुलै

यशोधनच्या रबरी चपला घालून ऑफिसला गेले. मीटिंगमध्ये जाफरने माझ्यासमोर रिकामी खुर्ची सरकवली. मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाय आपोआप गेले.

३० जुलै

काल रात्री पोटरीत असा गोळा आला की किंचाळले. यशोधन उठून पोटरी चोळत बसला. त्याला सांगितलं, गादी खराब आहे, तूच निवडली होतीस. हो म्हणाला. आजकाल सगळ्यालाच हो म्हणतो, अशाने माणूस भांडणार कोणाशी?

आज पायांमध्ये घ्यायला माणसाएवढी लांब उशी घेऊन आला. म्हटलं, परत कर, मी काय पेशंट आहे?

३१ जुलै

उशी बरी आहे. यशोधन आता पलंगाच्या कडेला मावतो. जिमची फी वाया चालली आहे. पुढच्या सोमवारपासून नक्की.

२७ ऑगस्ट

आज गणपती. मोदक मीच करणार, एकवीस, एकटीने. जमिनीवर पाट मांडून बसले. पाचवा मोदक वळला आणि उठायला गेले, तर उठताच येईना. डावीकडे वळून बघितलं, उजवीकडे वळून बघितलं. यशोधन बाहेर गेला होता. मोबाइल ओट्यावर. शेवटी लाटण्याने फरशी ठोकली. खालून शहनाजभाभी धावत आल्या, दार उघडंच होतं म्हणून बरं. काखेत हात घालून त्यांनी मला उभं केलं. बाय, आई कधी येतेय, असं विचारलं. फरशी गुळगुळीत आहे, मी म्हटलं, बिल्डरला कोर्टात खेचायला पाहिजे. त्यांनी उरलेले सगळे मोदक उभ्याने, ओट्याशी, माझ्याकडून शिकत शिकत वळले. माझ्यापेक्षा चांगले झाले. त्याचाही राग आला.

मला आई पाहिजे.

वरचं वाक्य चुकून लिहिलं गेलं. उद्या खोडेन.

१ सप्टेंबर

डॉक्टरबाई म्हणाल्या, आता विमानप्रवास नको. म्हणजे मी पुण्याला जाणं खलास. उरला एकच मार्ग, आणि तो माझ्या तोंडून निघणार नाही. बोलावणार नाही म्हणजे नाही.

२ सप्टेंबर

मार्ग सापडला! आईला फोन केला. सांगितलं, मी ठणठणीत आहे, पण यशोधनची तब्येत बरी नाही. आई घाबरली नाही, हे विशेष. काय होतंय जावईबापूंना? म्हटलं, पाय सुजलेत, पोटऱ्यांत गोळे येतात, छातीत जळजळ, पाठ मोडून येते, धड झोप नाही, कारण नसताना रडू येतं. आई मध्येमध्ये अगंबाई म्हणत होती. बरगडीखाली काही टोचतं का त्यांना? मी म्हटलं, उजव्या बाजूला, लाथ मारल्यासारखं. आणि घाबरतात का गं ते, एकटेच असले की? मी म्हटलं, हो आई, फार घाबरतात.

आई म्हणाली, मग यायलाच हवं. तोवर त्यांना डाव्या कुशीवर झोपायला सांग.

तिला जराही संशय आला नाही. शेवटी ऑडिटर आहे मी.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आई आली. एअरपोर्टवर यशोधनला बजावलं होतं, थोडं लंगडायचं. मूर्ख धावत गेला आणि दोन्ही बॅगा एकदम उचलल्या. आई त्याला म्हणाली, बरे दिसताय. मग माझ्याकडे वळली. तिने काही म्हणायच्या आत मी रडायला लागले. एअरपोर्टचा एसी फार आहे.

घरी आल्यावर बॅग उघडली. आत मोठ्या मापाचे सुती गाऊन, इसबगोल, खोबरेल तेल. सगळं जावईबापूंसाठी, म्हणाली, आणि गाऊन माझ्या अंगाला लावून बघितला. मग मला पलंगावर बसवून माझे पाय मांडीवर घेतले आणि तेल लावायला लागली. मी म्हटलं, पाय यशोधनचे सुजलेत. ती म्हणाली, त्यांचेही बघते, आधी हे होऊ देत.

१३ सप्टेंबर

दहापर्यंत झोपले. डाव्या कुशीवर. आईने बशीत पेरू कापून आणला, पुण्याचा, तिखटमीठ लावून. पलंगावरच खाल्ला. यशोधनला एकही फोड दिली नाही.