खिरणीच्या जागचं वळण

देवास,
६ जानेवारी २०२५

ती. आजोबांना,

कृ. सा. न. वि. वि.

या अक्षरांचा पूर्ण अर्थ मी माई आजीला विचारून घेतला. ती म्हणाली, आधी लिहून टाक, माझ्या दादाचा निम्मा राग तिथेच उतरतो. धारहून निघताना तुम्ही घातलेली शर्त मी पाळते आहे : महिन्याला एक पत्र, तेही मराठीत. आठवीपर्यंत हिंदी शाळेत, नंतर इंग्रजीत शिकलेल्या मुलीवर हा जुलूम आहे, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही.

काम बढिया चाललं आहे. आमच्या फर्मला तळ्याकाठच्या बगीच्याच्या सुधारणेचं काम मिळालं आहे. दिवे, बाक, फुलझाडं, आणि फिरायला नवी वाट. वाट माझ्याकडे आली. साहेबांनी कॉम्प्युटरवर फाटकापासून घाटापर्यंत एक सरळ रेघ ओढली आहे, वाटेला लागून व्यायामाची यंत्रं दाखवली आहेत. मला ते सगळं नीट मांडून एक मार्चला पक्का नकाशा द्यायचा आहे. जुनी फरशी पाइपलाइनच्या वेळी उखडली गेली, त्यामुळे सध्या सगळी जमीन सपाट आहे. परवा सकाळी आठला गेले तर धुक्यात तळं नव्हतंच, आणि टेकडी खालून सुटून वर राहिली होती. मला वाटलं, बाग अजून झोपेत आहे, आपण हळू चालावं. हसू नका. पस्तीस वर्षं तुम्ही नकाशे काढलेत, तर आधी काय पाहायचं ते सांगा.

माई आजी रोज अंधारातच टेकडीच्या पायथ्याशी दर्शनाला जाते आणि सातला येऊन मला उठवते. बागेचा विषय काढला की मात्र ती तांदूळ निवडायला बसते, आदल्या दिवशी निवडलेले असले तरी.

तुमची लाडकी (हे मीच ठरवलं आहे),
ईशानी


धार,
१६ जानेवारी २०२५

चि. ईशानीस बापूसाहेबाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. 'शर्त' आपल्याकडे घोड्यांची असते, माणसं अट घालतात. बाकी अक्षर सुवाच्य आहे. संक्रांतीला धरमपुरीला जाऊन नर्मदेत बुडी मारून आलो. पाणी गार होतं, नाव भरून माणसं पलीकडे चालली होती आणि काठावर बसून मी तासभर नुसता पाहत राहिलो. या वयात तेवढं काम पुरतं.

आता तुझ्या वाटेचं. आमचे ओव्हरसियर मोरोपंत म्हणायचे की वाट काढायची असेल तर पावलांना विचारावं. जमिनीवर बारीक चाळलेला मुरूम पसरायचा, पाणी शिंपडायचं, रोलर फिरवायचा नाही, आणि आठ दिवस सगळ्यांना हवं तसं चालू द्यायचं. नवव्या दिवशी मुरूम जिथे दबला असेल तिथे वाट. माणसांना कुठून जायचं असतं ते त्यांना सांगता येत नाही, पायांना येतं. साहेब हसतील, हसू दे.

आणखी एक लिहितो. त्या बागेचा पहिला नकाशा १९८८ साली माझ्याच हातून उतरला. मी तेव्हा देवासच्या कचेरीत होतो. त्यात माझ्याकडून एक चूक झाली, आणि ती नेमकी तुझ्या माई आजीच्या जिव्हारी लागणाऱ्या जागी झाली. ती कशी झाली, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. माझं वय एकोणऐंशी आहे. सांगायचं राहून जाईल, याची मला हल्ली मरणापेक्षा जास्त धास्ती वाटते. तूर्त हे पत्र तिला दाखवू नकोस.

थंडीत कानाला रुमाल बांधत जा. आशीर्वाद आहेतच, ते पत्राची वाट पाहत नाहीत.

बापूसाहेब


देवास,
२ फेब्रुवारी २०२५

ती. आजोबांना,

कृ. सा. न. वि. वि.

तुमची चूक कोणती ते तुम्ही लिहिलं नाहीत, आणि मी विचारत नाही. पत्र माझ्या हेल्मेटच्या अस्तरात आहे.

साहेब हसले, पण आठ दिवस दिले. मी दोन ट्रॉल्या मुरूम चाळून पसरला. चौकीदार गणोजी म्हातारे आहेत, त्यांच्या पूर्वजांना पवारांच्या फौजेबरोबर साताऱ्याकडून आणलं होतं म्हणे. ते पाणी शिंपडताना सारखे म्हणत होते की बाईसाहेब, हे आपण जमिनीला चाळायला बसलोय की लोकांना.

आजोबा, पावलं बोलली. फाटकापासून लोक जवळपास सरळ येतात. मग घाट तीस पावलांवर राहिला की सगळे डावीकडे वळतात, अर्धगोल वळसा घालतात आणि पुन्हा रेघेवर येतात. मधे काही नाही. दगड नाही, खड्डा नाही, ओल नाही. एखादा माणूस झोपला असेल आणि त्याची झोप मोडू नये, एवढीच जागा सोडलेली आहे. सकाळी दबलेल्या वाटेनेच मग दिवसभर सगळे जातात. मी दुपारी फिरायला आलेल्यांना विचारलं. एक भिया (मराठीत दादा) म्हणाले, माहीत नाही, असंच चालतात. कुत्रं मात्र सरळ जातं.

त्या रिकाम्या गोलाशी उभं राहिलं की मला उगाच आवाज बारीक करावासा वाटतो. आणि साहेबांची यंत्रं नेमकी तिथेच बसणार आहेत. ते म्हणतात, कारण लिहून दे तर हलवतो. काय कारण लिहू?

पोहे-जिलबी रोज खाते आहे हे आईला सांगू नका. माया आहे ती असू द्या, चुका लाल शाईने नका दाखवू.

ईशानी


धार,
८ फेब्रुवारी २०२५

चि. ईशानीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग अंगणात जाऊन बसलो. घाट तीस पावलांवर, वाटेच्या मधोमध. तिथे खिरणीचं झाड होतं.

तू विचारत नाहीस म्हणूनच सांगतो. जानकीला, म्हणजे तुझ्या माई आजीला, पहिली मुलगी झाली होती. वेणू. पाच महिन्यांची होऊन ती तापात गेली, १९७३ च्या फाल्गुनात. एवढ्या लहान जिवाला आपल्यात अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. ती जागा तेव्हा गावाबाहेरचं माळरान होती. मामा म्हणून मी तिला हातावर नेलं आणि खिरणीखाली ठेवलं. बायकांनी तिथे जायचं नसतं, पण जानकी नंतर रोज जायला लागली. घरात त्या मुलीचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. चांगल्या घराण्यांत तीच रीत होती, आणि ती वाईट रीत होती.

पुढे तिथेच बाग करायचं ठरलं. मी शाईने सरळ वाट आखली तेव्हा झाड मधे येतं हे माझ्या ध्यानात आलं नाही. जानकीने नकाशा पाहिला आणि एवढंच म्हणाली की दादा, झाड राहू दे. मी वचन दिलं. त्याच रात्री ट्रेसिंगच्या कागदावर पेन्सिलीने झाडाला वळसा काढला. शाई सकाळी भरू म्हटलं, आणि सकाळी धारहून तार आली की वडील अत्यवस्थ आहेत. मी तसाच निघालो. कचेरीत कोणीतरी ते ट्रेसिंग छपाईला दिलं. फिकी पेन्सिल त्या निळ्या प्रिंटमध्ये उठत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही, शिकाऊ पोरालाही माहीत असतं. वडिलांचे दिवस करून परत आलो तेव्हा बुंधाही काढून झाला होता.

मी तिच्या दारात गेलोच नाही. बदली मागून घेतली. दर भाऊबीजेला काहीतरी निमित्त काढलं. देवास अडीच तासांवर आहे, मला सदतीस वर्षं लागली.

पावलांना अजून ते झाड आठवतं आहे, ईशानी. मला असं वाटून घेऊ दे.

बापूसाहेब


देवास,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. आजोबांना,

कृ. सा. न. वि. वि.

पावलांना झाड आठवत नाही, आजोबा. मी पाहून आले.

गणोजींना विचारलं तर ते एवढंच म्हणाले की तुम्ही आठला येता, एकदा साडेपाचला या. काल गेले. धुकं इतकं होतं की फाटकाचा दिवा पिवळ्या शेवंतीएवढा दिसत होता. पाण्यावरून टिटवी ओरडत गेली. आणि वाटेच्या मधोमध, त्या रिकाम्या गोलात, माई आजी उभी होती.

ती टेकडीच्या पायथ्याशी जात नाही. ती रोज तिथे येते. धुक्यातून एकेक माणूस यायचं, तिच्याजवळ आलं की बोलणं थांबवायचं, हात जोडून वळसा घालायचं आणि पुन्हा धुक्यात जायचं. दूधवाला सायकलवरून उतरून चालत गेला. कोणी तिला काही विचारलं नाही. ती उभ्या जागी थोडी डोलत होती, आजोबा. कुशीत मूल नसताना हात तसे का धरले आहेत, हे तुमचं पत्र वाचलं नसतं तर मला कळलं नसतं. मी वडाच्या आड उभी राहून खूप रडले. मग घरी येऊन झोपेचं सोंग घेतलं, तिने सातला मला उठवलं.

आता माझं ऐका. एक मार्चला नकाशा जाईल. मी कारण लिहिलं नाही तर तिथे सिमेंट ओतून यंत्रं बसतील, आणि ती पंचाहत्तरीच्या घरातली बाई त्या लोखंडाजवळ जाऊन उभी राहील. कारण मला माहीत आहे, पण ते माझं नाही, तिचं आहे. ती कोणाला सांगणार नाही, कारण तुमच्या घरात ते नाव काढत नाहीत. ते आधी तुम्हीच काढायला हवं. लहान तोंडी मोठा घास वाटला तर वाटू द्या.

तुमची,
ईशानी


धार,
१९ फेब्रुवारी २०२५

चि. जानकीस बापूचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र चार वेळा फाडलं. पाचव्यांदा जे लिहिलं आहे ते तसंच पाठवतो.

तू खिरणी राहू दे म्हणालीस आणि मी वचन दिलं. त्या रात्री पेन्सिलीने झाडाला वळसा काढला होता. शाई भरायची राहिली, मी धारला आलो, आणि प्रिंटमध्ये पेन्सिल उठली नाही. चूक माझी एकट्याची. बाबा गेले हे खरं, पण शाई भरायला पाव तास लागला असता. आणि परत आल्यावर तुझ्यासमोर उभं राहायचं धैर्य झालं नाही, ही दुसरी चूक. ती पहिलीपेक्षा मोठी, कारण ती मी दरवर्षी केली.

वेणूला मी नेलं तेव्हा तिचं टोपडं सारखं डोळ्यांवर येत होतं आणि मी ते वाटभर मागे सारत होतो. हे मी कोणालाच सांगितलं नाही. कोणी विचारलंच नाही.

तू रोज पहाटे कुठे जातेस ते पोरीने पाहिलं आहे. तिला रागावू नकोस. त्या जागी यंत्रं बसणार आहेत, आणि ती थांबवण्यासारखं कारण फक्त तुझ्याजवळ आहे. तुला बोलायचं नसेल तर तसंही चालेल. क्षमा मागतो, पण ती मिळावीच असा हट्ट नाही.

तुझा,
दादा


देवास,
२७ फेब्रुवारी २०२५

ती. बापूदादास,

जानकीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तिचं नाव मी बावन्न वर्षांत कागदावर पहिल्यांदा पाहिलं. तुझं अक्षर अजून टाकाने काढल्यासारखं आहे.

बाबांचं सुतक तीन दिवस पाळून मी तुझ्याआधीच देवासला परतले होते, आणि झाड पाडलं त्या दिवशी तिथेच होते. मजुरांनी मला निळा कागद दाखवला. त्यावर तुझी सही होती आणि सरळ रेघ होती. मला वाटलं, दादाने वळसा काढलाच नाही. विसरला असेल, किंवा साहेबांपुढे बोलला नसेल. सदतीस वर्षं मी तेच धरून बसले. तू पेन्सिलीने काढला होतास, हे मला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तूच सांगायचं होतंस. झाडासाठी मी वर्षभर रडले असेन. तू येईनास, त्याचं मात्र दर दिवाळीला नव्याने वाईट वाटायचं. पाट मांडायची आणि उचलायची. माणसाने चूक करावी, पण ती घेऊन लपून बसू नये, एवढंही तुला मोरोपंतांनी शिकवलं नाही का?

टोपडं मोठं झालं होतं ते मीच शिवलं होतं, पुढच्या हिवाळ्यातही व्हावं म्हणून. तू ते मागे सारत नेलंस हे वाचून बरं वाटलं. ती चेहरा उघडा ठेवून गेली तर.

मंगळवारी ईशानीबरोबर तिच्या ऑफिसात गेले. आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसासमोर सांगितलं की माझी मुलगी तिथे आहे. साहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी मला स्वतःची खुर्ची दिली. यंत्रं कुंपणाकडे गेली. पोरीने माझ्यासमोर वळण आखलं, आणि शाईचं काय हे मी आधी विचारून घेतलं. ती म्हणाली, आता शाई लागत नाही, एकदा काढलं की राहतं.

तिने वळण आधी लोक चालतात तेवढंच काढलं होतं, एका बाईला पुरेल इतकं. मी म्हटलं, थोडं मोठं कर. सकाळी साडेपाचला तिथे दोन म्हातारी माणसं उभी राहायची आहेत, आणि त्यातल्या एकाला हात टेकायला जागा लागेल.

धारहून पहिली बस साडेपाचच्या आत पोचवत नाही. आदल्या दिवशीच मुक्कामाला ये. लोभ होताच, आहेच. आता तो प्रत्यक्ष आणून दे.

तुझी,
जानकी