ग्रंथपाल बाईंनी न दिलेला राजीनामा परत मिळणेबाबत

प्रति,
मा. शिक्षण अधिकारी,
माध्यमिक विभाग.

विषय : ग्रंथपाल बाईंना दिनांक ३० रोजी सेवेतून मुक्त न करणेबाबत.

संदर्भ : १) संगणक सुरक्षेविषयीचे आपले परिपत्रक.
२) राजीनामा मंजुरीचे आपले पत्र, दिनांक ९.

महोदय,

१. अर्जदार या शाळेत गणित शिकवतो व आपल्याच आदेशाने गेल्या वर्षापासून संगणक शिस्त प्रमुख आहे. जागेवरून उठताना संगणकाला कुलूप लावावे, हा आपल्या परिपत्रकातील पहिला नियम. शिक्षकांनी तो एका कानाने ऐकला आणि दुसऱ्या कानाने सोडून दिला. सूचना झाल्या, स्मरणपत्रे झाली, कोणी दाद देईना. तेव्हा अर्जदाराने एक उपाय काढला. ज्याचा संगणक उघडा सापडेल, त्याच्याच खात्यातून 'उद्याचा चहा माझ्याकडून' असा संदेश सर्व कर्मचाऱ्यांना पाठवायचा. चित्रकलेच्या सरांनी दोनदा आणि खुद्द मुख्याध्यापकांनी एकदा चहा पाजला. महिन्याभरात सगळ्यांच्या बोटांना वळण लागले. आपल्या कार्यालयानेही या उपक्रमाबद्दल अर्जदाराची पाठ थोपटली होती.

२. दिनांक ६ रोजी मधल्या सुट्टीत वाचनालयात पाचवीतल्या एका मुलीचा घोळणा फुटून नाकातून रक्त येऊ लागले. ग्रंथपाल बाई तिला घेऊन नळाकडे धावल्या. त्यांचा संगणक उघडाच राहिला. अर्जदार समोरच्या टेबलावर वह्या तपासत होता. चहाचा विनोद एव्हाना शिळा झाला होता. अर्जदाराला काय अवदसा आठवली कोण जाणे, त्याने बाईंच्या खात्यातून राजीनामा लिहिला आणि सर्व कर्मचाऱ्यांना धाडून दिला. कारण लिहिले, 'माझ्या असण्या-नसण्याने या शाळेला काही फरक पडत नाही.' बावीस वर्षे शाळेतल्या प्रत्येक मुलाला नावाने हाक मारणाऱ्या बाईंच्या तोंडी हे वाक्य वाचून सगळे हसतील, असा त्याचा अंदाज होता. सगळे हसलेही. कर्मचाऱ्यांच्या यादीत त्याच आठवड्यात आपल्या कार्यालयाचा पत्ताही जोडला गेला होता, हे मात्र त्याच्या ध्यानीमनी नव्हते.

३. वाचनालयाचे छत दोन वर्षे गळते आहे. त्या अर्जाची आपल्याकडून साधी पोचही आलेली नाही. राजीनामा तीन दिवसांत मंजूर झाला. अर्जदाराने लगोलग चूक कळवली. उत्तर आले की, राजीनामा ज्या खात्यातून आला त्याच खात्यातून तो मागे घ्यावा. ते खाते तर मंजुरीबरोबरच नियमानुसार बंद झालेले. खाते उघडून द्यावे म्हणून विनंती केली, तर ती विनंतीही कर्मचाऱ्याने स्वतःच्या खात्यातूनच करावी, असे कळले. शेवटी बाई स्वतः आपल्या कार्यालयात आल्या. खिडकीवरच्या साहेबांनी विचारले, "त्या बाई तुम्हीच कशावरून? इथे तुमचा फोटोच दिसत नाही." खाते बंद असल्यावर फोटो दिसणार कुठून? मग अर्जदार गेला आणि राजीनामा आपणच लिहिल्याचे त्याने चारचौघांत कबूल केले. त्यावर साहेब म्हणाले, "दुसऱ्याच्या खात्यात शिरणाऱ्या माणसाच्या शब्दावर आम्ही विश्वास कसा ठेवायचा?" साहेबांचे काही चुकले नव्हते.

४. बाईंच्या घरी अंथरुणाला खिळलेली थोरली बहीण आहे. दोघींना एकमेकींशिवाय कोणी नाही आणि ही नोकरी सोडून दुसरा आधार नाही. बाई अजूनही रोज वेळेवर येतात. संगणक उघडत नाही म्हणून पुस्तकांच्या नोंदी वहीत करतात. अर्जदाराला एका शब्दाने बोललेल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते, कारण सध्या अर्जदाराला वाचनालयावरून जायचे म्हटले तरी पाय उचलत नाही.

५. आपल्या शेवटच्या पत्रासोबत चौकशीचा नमुना आला आहे. त्यातील चौथ्या रकान्यात 'संगणक उघडा ठेवण्याचे कारण' विचारले असून विसरणे, घाई आणि निष्काळजीपणा असे तीनच पर्याय दिले आहेत. यातला कोणता लिहू, असे अर्जदाराने काल धीर करून बाईंना विचारले. त्या एका पुस्तकाला कव्हर घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही समोरच बसला होतात ना, सर. मग कुलूप कोणासाठी लावायचं?"

महोदय, इतका वेळ मी अर्जदाराच्या आड लपून लिहीत होतो. यापुढे तसे लिहिणे मला जमत नाही. शिक्षा जी द्यायची ती मला द्यावी, माझे खाते खुशाल बंद करावे. पण बाईंना कामावर राहू द्यावे. तीस तारखेला तीनच दिवस उरले आहेत.

आपला नम्र आणि या प्रकरणातील एकमेव दोषी,
(सही)
गणित शिक्षक
दिनांक २७

सोबत :
१) मंजुरीपत्राची प्रत.
२) सर्व कर्मचाऱ्यांचे निवेदन. सह्या ज्याच्या त्याने माझ्यासमोर केल्या आहेत.
३) चौकशीचा नमुना. रकाना चार कोरा आहे.