माझा लूप बरोबरच असतो

४ जानेवारी
लूपर आला! पायाने बटण दाबायचं, गिटारचा एक तुकडा वाजवायचा, पुन्हा बटण दाबायचं. तो तुकडा आपला आपण फिरत राहतो. त्यावर मी दुसरा वाजवतो, मग तिसरा. म्हणजे मी एकटाच अख्खा बँड. बायको गाते, तिचा धाकटा भाऊ ड्रम वाजवतो, आमचे दातांचे डॉक्टर बेस गिटार वाजवतात. या तिघांची आता तशी गरज उरली नाही, पण हे हळूहळू सांगायचं.
संकल्प: मोठ्या मनाने वागणे.

७ जानेवारी, संध्याकाळ
आमच्या घराखाली मेहुण्याचं टायरचं दुकान. शटर अर्धं ओढून तिथेच तालीम. लूप सुरू केला आणि मेहुणा तालातून घसरला. पुढे गेला की मागे, ते सांगता येत नाही, कारण मी डोळे मिटले होते. उघडले ते ड्रमची काठी कपाळावर बसली तेव्हा. म्हणे मी दुसऱ्यांदा बटण उशिरा दाबतो, त्यामुळे लूपचा एक पाय लंगडा राहतो आणि दर फेरीला ताल अडखळतो. मी शांतपणे सांगितलं की मशीन चुकत नाही, माणूस चुकतो. तेव्हा दुसरी काठी आली.
टेंगूळ लिंबाएवढं. कलेसाठी सोसायचं.

१३ जानेवारी
मेहुण्याला हेडफोन हवाय. ड्रमच्या आवाजात लूप ऐकूच येत नाही तर त्याच्याबरोबर वाजवू कसा, असा त्याचा सवाल. हेडफोन एकच आहे आणि तो मला लागतो. नाचता येईना अंगण वाकडं! डॉक्टरांनी सुचवलं की जाड तळव्याचे बूट काढून बटण दाबून बघा. वा! बूट खास स्टेजसाठी घेतलेत.
यावर मेहुण्याने टायर फेकून मारला. स्कूटरचा. ट्रकचाही हाताशी होता, म्हणजे मनात आदर आहे.
मी त्याच्या मांडीला चावलो. निव्वळ आत्मसंरक्षण.

१४ जानेवारी
बायको बोलत नाही. डॉक्टरांनी मेहुण्याच्या मांडीवरची खूण तपासली आणि माझ्या खालच्या दातांत गर्दी आहे असा निरोप पाठवला. विचारलं होतं कोणी?

२० जानेवारी
डॉक्टरांच्या ओळखीने मोठा कार्यक्रम मिळाला. दंतवैद्यांचं वार्षिक संमेलन, भरगच्च सभागृह. बायको इतक्या लोकांसमोर कधी गायलेली नाही. ती गेले काही दिवस भांडी घासतानाही सूर लावते. आज अखेर बोलली. संमेलनातलं तिचं गाणं माझ्या लूपने बिघडलं तर बँडमध्ये एक तर मी राहीन, नाहीतर ते तिघं.
बिचारे. माझ्याशिवाय कुठे जातील?

२७ जानेवारी
शेवटची तालीम. गिटारबरोबर माझा माईकही लूपरला जोडला. आता आवाजाचेही थर! मेहुण्याने वायर माझ्या गळ्याभोवती दोन वेढे देऊन ओढली. मी गिटार त्याच्या गुडघ्यावर आपटली. अहिंसा हा माझा मूळ स्वभाव, पण गिटार जड आहे त्याला मी काय करणार? डॉक्टर मध्ये पडले, त्यांचा चष्मा फुटला. बायको कोपऱ्यात टायरवर बसून रडली. मला खरंच वाईट वाटलं. कार्यक्रम गाजला की तिला कळेल.

२ फेब्रुवारी, दुपार
निघतोय. बूट चमकवले. आज इतिहास घडणार.

३ फेब्रुवारी
घडला.
पहिलंच गाणं. मी लूप बांधला. तिसऱ्या फेरीला बायको एकीकडे, ड्रम दुसरीकडे. तिचा आवाज कापायला लागला. मी माईकवरूनच मेहुण्याला म्हणालो की जरा लूपकडे लक्ष दे, बाळा. ‘बाळा’ नको होतं. मी लूप पुसला आणि नवा बांधायला पाय उचलतोय तोच तो ड्रम ओलांडून आला. येताना त्याचा पाय बटणावर पडला, मुठीने माझा जबडा गाठला, मी ‘आई गं’ ओरडलो, मागे ड्रमची झांज कोसळली, आणि परत वळताना त्याचा पाय पुन्हा बटणावर.
थाड! आई गं! छन्न्. थाड! आई गं! छन्न्.
सभागृहभर. मेहुण्याने वळून ऐकलं आणि जाऊन ड्रमवर बसला. डॉक्टरांनी बेस धरला. बायकोने डोळे पुसले आणि अशी गायली, अशी गायली की मी पडल्या पडल्या ऐकतच राहिलो. शेकडो दंतवैद्य हॉलमध्ये, माझे दोन दात स्टेजवर, पण एकही उठून आला नाही. सगळे नाचत होते.

९ फेब्रुवारी
जबडा बांधलाय. डॉक्टर म्हणतात, महिनाभर तोंड बंद. माझं दुखणं लवकर बरं व्हावं असं मनापासून कोणाला वाटतंय का, शंका आहे. त्या तिघांना आणखी कार्यक्रम मिळालेत. लूपर मेहुण्याकडे आहे. तो तुकडा त्याने पुसलेला नाही.
मी पाटीवर लिहून विचारलं की पुढच्या कार्यक्रमाला मी येऊ ना. बायको म्हणाली, कशाला, तू आहेसच की त्यात. आणि खाली तालमीला गेली.
आता खालून माझंच ‘आई गं’ ऐकू येतंय. मी खाटेवरून बुटाने ताल धरला. लूप दर फेरीला किंचित लवकर येतोय. मेहुण्याला सांगायला हवं.