मूळ जागच्या जागी

३ मार्च, सकाळी १०

आजपासून रोजनिशी. कागदावर, कारण दुकानातल्या कॉम्प्युटरवर आज १४ जून आहे. काल १४ जून होता, उद्याही असेल. फॉन्ट बनवायचं सॉफ्टवेअर मित्राने फुकट घालून दिलं, ते फक्त त्याच तारखेला उघडतं. या मित्राला सगळे पेनड्राइव्ह म्हणतात. खिशात दोन-तीन कायम असतात, म्हणून. तेव्हा रोज सकाळी आधी नेट बंद करायचं, मग तारीख मागे न्यायची, मग कामाला हात घालायचा. सहा वर्षांत एक दिवस चुकलेलो नाही. शिस्त म्हणतात ती हीच.

फळ मिळालं. माझा फॉन्ट पूर्ण झाला. नाव ‘स्वहस्त’. अक्षरकार मंडळाने मान्य केला, त्यांच्या वार्षिक पुस्तकात एक अख्खं पान मिळणार. खाली माझं नाव. वीस वर्षं लोकांच्या पाट्या आणि व्हिजिटिंग कार्डं केली, प्रत्येकावर दुसऱ्याचं नाव. आता एकदा माझं.

बातमी हिला सांगितली. आनंद व्हायचा सोडून हिने विचारलं की चोरीच्या सॉफ्टवेअरवर केलेल्या फॉन्टला ‘स्वहस्त’ कसं म्हणायचं. शांतपणे समजावलं. एकाची सायकल दुसऱ्याने नेली तर पहिला पायी चालतो, ती चोरी. कॉपीत तसं काही होत नाही. आपल्याकडे एक येते आणि मूळ जागच्या जागी राहतं. कोणाचं काही जात नाही. ही ‘बरं’ म्हणाली. पटलं असावं.

संकल्प : पुस्तक छापून आलं की ओरिजिनल सॉफ्टवेअर विकत घ्यायचं. किंमत बघितली. पान बंद केलं. नेट तसंही बंदच ठेवायचं असतं.

६ मार्च

मंडळाच्या सेक्रेटरीबाईंचा फोन. फॉन्टबद्दल चार ओळी लिहून हव्यात. चार पानं लिहिली. सगळा भर ‘ळ’वर. माझा ळ डावा गोल संपताना किंचित तुटतो, केसाएवढी फट राहते, मग उजवा गोल सुरू होतो. जगात असा ळ दुसरा नाही. या फटीला मी ‘श्वास’ म्हणतो. अक्षर इथे श्वास घेतं.

सासऱ्यांच्या जुन्या पाट्यांच्या फोटोंचा उल्लेख केला नाही. ते नुसते संदर्भासाठी होते. दोनशे बारा फोटो. सासरे बोर्ड रंगवायचे, गावभर त्यांचं अक्षर होतं, आता आमच्याकडेच आतल्या खोलीत असतात. त्यांच्या अक्षरांच्या कडा मी स्क्रीनवर गिरवल्या, एवढंच. हजारो बिंदू एकेक करून मी क्लिक केले. मनगट माझं दुखलं. पट्टा अजून कपाटात आहे.

११ मार्च, दुपारी १

अक्षर वेडंवाकडं आलं तर ते रागाचं समजावं.

समोरच्या दातवाल्याने नवा बोर्ड लावला. ‘वेळ : सकाळी १० ते १, संध्याकाळी ५ ते ८.’ तीन ळ. तिन्ही तुटके.

रस्ता ओलांडून गेलो, पायरीवर उभं राहून जवळून बघितलं. श्वास. माझा श्वास दातवाल्याच्या दारात टांगलाय, आणि फॉन्ट तर अजून दुकानाबाहेर गेलेलाच नाही. मंडळाकडेसुद्धा छापील कागद दिलेत, फाइल नाही. म्हणजे कोणीतरी दुकानात शिरून नेला. मला इतकं लुटल्यासारखं आजवर कधी वाटलं नव्हतं. याला चोरी म्हणतात, दुसरा शब्द नाही. सायकल असती तर एवढं लागलं नसतं.

१२ मार्च

संशय एकावरच. पेनड्राइव्हकडे गेलो, त्याच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर विचारलं. तो म्हणाला की मी तुझा फॉन्ट कशाला घेऊ, मला मोबाइलच्या काचा आणि कव्हरं पुरतात. आणि घेतला असता तरी चोरी कसली, मूळ तुझ्याकडे जागच्या जागी आहे ना.

हे माझं वाक्य. मीच त्याला सहा वर्षांपूर्वी ऐकवलं होतं. न विचारता उचलून मलाच परत केलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. पंचवीस वर्षांची मैत्री संपली, तसं तोंडावर सांगून आलो.

संध्याकाळी सॉफ्टवेअर अडकलं. त्यालाच फोन करावा लागला. मैत्री तुटलेली आहे याची आधी आठवण करून दिली आणि मग विचारलं. त्याने दोन मिनिटांत सोडवून दिलं. मैत्री तुटलेलीच आहे.

१५ मार्च

दातवाल्याला गाठायचं तर अपॉइंटमेंट लागते. घेतली. दाढ दुखते असं सांगितलं. खुर्चीत पडलो, बोलायला तोंड उघडलं, त्याने लगेच आरसा आत घातला. म्हणाला, दुखतेय खरी, कीड आहे. इंजेक्शन, कापूस, सगळं झालं. मग मी बोटाने बाहेरच्या बोर्डाकडे दाखवलं. त्याला वाटलं मी कौतुक करतोय. म्हणाला, छान आहे ना, तुमच्या मिसेसनीच दिला. मागे रूट कनालला आल्या होत्या तेव्हा.

तोंडात कापूस असताना माणसाला नीट धक्काही बसू देत नाहीत.

१५ मार्च, संध्याकाळी

घरचा भेदी. बाहेरच्याने लुटलं तर माणूस दार लावून घेतो, घरातल्याने लुटलं तर कोणतं दार लावायचं? वीस वर्षांचा संसार.

हिला विचारलं. तिने नाकारलंसुद्धा नाही. तुझ्या कॉम्प्युटरवरून कॉपी केला आणि बाबांना विचारून दिला, म्हणाली. दातवाल्याला बाबांचं अक्षर लहानपणापासून आवडायचं, शाळेच्या फाटकावर तेच होतं. बाबांचं अक्षर आहे, बाबा हो म्हणाले, विषय संपला.

मी म्हणालो, फॉन्ट माझा आहे. ती म्हणाली, मग श्वासाचं सांग. मी सांगू लागलो. तिने मधेच तोडलं. बाबा शिडीवरून पडले तेव्हा मी नववीत होते, अंगठा मोडला तो नीट बसलाच नाही. ळ एका दमात फिरवता येईना, म्हणून अर्ध्यात ब्रश उचलून परत टेकवायचे. ती फट आहे ती. तू तिचा फोटो काढलास.

मी तिला एवढंच सांगितलं की सृजन वेगळं आणि फ्रॅक्चर वेगळं. फ्रॅक्चरला श्वास हे नाव कोणी दिलं? मी. ती म्हणाली, तुझा फॉन्ट कुठे गेलाय का, बघ, जागच्या जागी असेल.

जेवणात मीठ जास्त होतं. दाढेमुळे नीट जेवलो नाही, ते कोणी विचारलं नाही.

१७ मार्च

अबोला. संकल्प : तोडायचा नाही.

मंडळाकडे रीतसर तक्रार दिली, दातवाल्याविरुद्ध. घरचं माणूस वगळलं, माझं मन मोठं आहे. सेक्रेटरीबाई म्हणाल्या की वाद असलेला फॉन्ट पुस्तकात घेता येत नाही. २६ तारखेला मूळ फाइल आणि एक जाणकार साक्षीदार घेऊन या. फॉन्ट तुमचा ठरला तर पान तुमचं.

सोपं आहे. फाइल आहेच. साक्षीदार शोधायचा.

१८ मार्च

अबोला तुटला. गॅस सिलिंडर संपला होता.

२२ मार्च

गावात अक्षर जाणणारी माणसं दोनच. एक मी.

आतल्या खोलीत गेलो. सासरे पलंगावर बसले होते, उजवा हात मांडीखाली दाबून. गेलं वर्षभर तसेच बसतात. हात मोकळा सोडला की थरथरतो आणि ते त्यांना कोणी बघितलेलं आवडत नाही. सगळं समजावून सांगितलं : फॉन्ट, पान, नाव, दातवाल्याचा अपराध. त्यांनी फक्त ळ माझा आहे एवढं सांगायचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, जावईबापू, मंडळाला जिने किती आहेत. दोन, म्हणालो. बरं, म्हणाले.

हिला कळलं. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

२६ मार्च, दुपारी ४

घडलं तसं लिहितो.

खोलीत एक लांब टेबल. सेक्रेटरीबाई, मंडळाचे दोघे, दातवाला, ही, सासरे आणि मी. मी ‘श्वास’वर वीस मिनिटं बोललो. छान झालं. मग बाईंनी माझी फाइल उघडली आणि तिची माहिती वाचू लागल्या. काम सुरू, १४ जून. काम पूर्ण, १४ जून. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं की पाचशे अक्षरं तुम्ही एका दिवसात केलीत का. मी म्हणालो, सहा वर्षं लागली. त्या म्हणाल्या, पण इथे तर एकच दिवस दिसतोय.

पुढचं वाचलं. निर्माता : डॉ. स्कल. हक्क : डॉ. स्कल. हे डॉक्टर कोण, आले आहेत का, असं बाईंनी विचारलं. दातवाल्याने विचार करून सांगितलं की आपल्या ओळखीत या नावाचे कोणी नाहीत. मला माहीत होतं. सॉफ्टवेअर ज्या चोराने फोडलं त्याचं हे नाव, उघडताना रोज क्षणभर कवटीच्या चित्राबरोबर दिसायचं. मी रोज ‘पुढे’ दाबायचो. माझ्या प्रत्येक फाइलवर तो आपलं नाव घालतोय, हे सहा वर्षांत वाचलं नाही. एवढा विश्वासघात. ज्याला मी कधी बघितलं नाही त्याने सुद्धा.

बाई म्हणाल्या, कागद जाऊ द्या, जाणकारांना विचारू. सासऱ्यांपुढे छापील ळ ठेवला. मोठा, पानभर. त्यांनी तो डाव्या हाताने लांब धरला. बराच वेळ बघितला. ते फट बघत होते. मग कागद खाली ठेवून म्हणाले, जावईबापूंचा आहे.

मी जिंकलो. तसं वाटायला हवं होतं.

बाई हुशार. म्हणाल्या, काका, तुम्ही स्वतः एक ळ काढून दाखवता का, फरक कळेल. फळ्याजवळचा खडू पुढे केला. सासऱ्यांचा उजवा हात खिशात होता, तो खिशातच राहिला. म्हणाले, आता नाही जमत. ही उठून बाहेर गेली. बाईंनी खडू परत ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. नंतर कोणी श्वासाबद्दल काही विचारलं नाही.

निकाल : डॉ. स्कल आल्याशिवाय पान देता येत नाही.

जिने उतरताना सासऱ्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. दोन जिने. तो हात सगळा वेळ हलत होता, मला खांद्यावर कळत होता.

२७ मार्च, सकाळी ९.३०

ठरवलं. फाइलीत निर्मात्याच्या जागी सासऱ्यांचं नाव घालायचं. नेट बंद केलं, १४ जून केला, नाव टाइप केलं, सेव्ह केलं. बंद करून उघडलं. डॉ. स्कल. परत टाइप केलं. डॉ. स्कल. सात वेळा केलं. ओरिजिनल सॉफ्टवेअरशिवाय त्यांचं नाव तिथे राहणार नाही.

२७ मार्च, सकाळी ११

सासरे दुकानात आले. एकटे, भिंत धरत. माझ्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसले आणि डाव्या हाताने एक पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. हिचा होता. म्हणाले, आपल्या दारावरची नावाची पाटी फार पुसली आहे. स्वतः रंगवायचं आता शक्य नाही. तुमच्या त्या अक्षरात प्रिंट काढून लावावी म्हणतो. एक कॉपी मिळेल का? तुमची परवानगी असेल तर.

मी परवानगी दिली.

फाइल उतरायला चार सेकंद लागले. माझ्याकडचं काहीच कमी झालं नाही. मूळ जागच्या जागी होतं, स्टुलावर, उजवा हात मांडीखाली दाबून.