गंजलेल्या खांबांना तुमचं नाव

प्रिय बाबा,

परवा विद्यापीठात तुमची शोकसभा झाली. मुलुंडला घरी आले आणि चप्पल काढायच्या आधी हात धुतले, साबणाने, दोनदा. किती जणांनी हे हात धरून 'सर म्हणजे देवमाणूस' म्हटलं! तुम्ही राजीनामा दिल्यावर त्यातला एक तरी आपला जिना चढला होता का? आई गेल्यापासून असलं सगळं तुम्हालाच सांगायची सवय. म्हणून लिहितेय.

निवेदिकेने तुमचे सन्मान वाचले. घाटकोपरच्या चाळीतला गिरणी कामगाराचा मुलगा, समुद्राच्या हवेत काँक्रीटमधल्या सळया कशा गंजतात यावरचं संशोधन, राष्ट्रीय पुरस्कार, परदेशातली मानद पदवी, मग कुलगुरू. सगळं खरं. पण कुलगुरूपद मुदतीआधी का सोडलंत? तर म्हणे, 'प्रकृतीच्या कारणास्तव'. प्रकृतीच्या! अहो, त्या वर्षी तुम्ही रोज सकाळी टेकडी चढून यायचात, आणि धाप मला लागायची.

तुम्ही मुलींच्या वसतिगृहाचे खांब हातोडीने ठोकत फिरलात, ते कोणी नाही बोललं. आवाज पोकळ आला. नमुने तपासलेत, आतल्या सळया गंजाने खाल्ल्या होत्या. तसा अहवाल लिहिलात, मुलींना दुसरीकडे हलवलंत आणि इमारतीला कुलूप घातलंत. बांधणारा कंत्राटदार व्यवस्थापन परिषदेतल्या एकाचा मेहुणा निघाला.

मग कुलसचिव आपल्या घरी आले होते. आठवतं? मीच चहा दिला. "सर, अहवालात 'किरकोळ दुरुस्ती' एवढे दोन शब्द घाला. बाकी आम्ही सांभाळतो."

तुम्ही चिडलात की मालवणीत बोलायचात. "गंजाक कोणाची भीड नसता," म्हणालात, अहवाल उचलून कपाटात ठेवलात आणि त्याची प्रत दुसऱ्या दिवशी तशीच परिषदेला दिलीत.

पुढे तुमचीच चौकशी लागली. पेपरात नको ते छापून आलं. आणि मी काय म्हटलं? "घाला ना बाबा ते दोन शब्द! अख्ख्या जगाचा ठेका तुम्ही घेतलाय का?" तुम्ही नुसता चष्मा पुसत राहिलात. चार दिवसांनी राजीनामा दिलात. बाबा, त्या दिवशी मीही त्या कुलसचिवाच्याच बाजूची होते. स्वतःची किळस येते.

पण एक विचारू? दोन वर्षांनी त्याच लोकांनी जीवनगौरव दिला, तर तो घ्यायला का गेलात? त्याच कुलसचिवांच्या हातून शाल घेतलीत, हसलातही. मी भांडले तर म्हणालात, "विद्यापीठ काय एकट्या त्यांचं आहे?" मला नाही पटलं. आजही नाही पटत. तुम्ही हसलात, म्हणूनच ते परवा इतके निर्धास्त होते.

कुलसचिव आता प्र-कुलगुरू झालेत. ते माइकसमोर आले, रुमालाने डोळे टिपले आणि जाहीर केलं, नूतनीकरण झालेल्या मुलींच्या वसतिगृहाला सरांचं नाव. टाळ्या! शोकसभेत टाळ्या!

मग संमतीपत्र घेऊन माझ्याकडे आले. "ताई, इथे सही. फॉर्मॅलिटी आहे."

"खांब बदलले?"

"अहो, झकास झालंय सगळं. नवीन टाइल्स, नवीन रंग."

"रंग नाही विचारला. खांब?"

"आजच्या दिवशी कशाला तो विषय?"

मी सरळ माइकपाशी गेले. म्हटलं, "बाबांची तब्येत ठणठणीत होती. वसतिगृहाची इमारत धोकादायक आहे असा अहवाल त्यांनी दिला, म्हणून त्यांना घालवलं. खांब अजून तेच आहेत. मुली राहायला कधी जाणार?"

मागून एक बाई उठल्या. वसतिगृहाच्या नव्या रेक्टर. "सोमवारी," त्या म्हणाल्या. "पण मॅडम, कसला अहवाल? आम्हाला कोणी दाखवलाच नाही."

आणि लगेच प्र-कुलगुरू दुसऱ्या माइकवरून, "सरांना आदरांजली म्हणून सर्वांनी दोन मिनिटं शांत उभं राहावं." सगळे उभे राहिले. मीही राहिले, मान खाली घालून! माझं तोंड बंद करायला त्यांनी तुम्हालाच वापरलं, बाबा. इतका नीचपणा शिकायला किती वर्षं लागत असतील?

काल सकाळी रेक्टरबाई घरी आल्या. तुमच्या कपाटातला अहवाल त्यांनी उभ्याउभ्याच वाचला आणि पानापानाचे फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकले. दुपारपर्यंत विद्यापीठाचं ऑफिस पालकांनी भरलं. संध्याकाळी नोटीस लागली, 'तांत्रिक कारणास्तव प्रवेश पुढे ढकलला आहे.' चूक झाली असं नाही, तुमचं नावही नाही. ढकललाय, बस्स. रेक्टरबाईंना कारणे दाखवा नोटीस मात्र लगेच मिळाली. त्यांचा फोन आला. मी घाबरत विचारलं, "आता?" तर म्हणतात, "उत्तराला सरांचा अहवाल जोडते. दुसरं काय!"

संमतीपत्र मी सही न करता परत पाठवलंय. तुमच्या नावाची कोनशिला तयार आहे म्हणतात. राहू दे पडून. आज पालकांसोबत स्वतंत्र स्ट्रक्चरल ऑडिटचा अर्ज दिला, खाली पहिली सही माझी. ते खांब पाडून नवे उभे राहीपर्यंत एकाही मुलीची बॅग त्या दारातून आत जाऊ देणार नाही, आणि रेक्टरबाईंना तुमच्यासारखं एकटं पडू देणार नाही. हा शब्द देते.

तुमची,
वैजू